काठी आज उचलायची नाही

विश्रांतवाडी, पुणे
२२ जून २००८

चि. नम्रता हीस,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. कुठे चिकटले असतील म्हणून पाकीट झटकू नकोस. मी ते लिहिलेलेच नाहीत.

काल संध्याकाळी चैताली आली होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तुमच्या लीगचा कागद माझ्यापुढे धरला. ‘पुणे कॉलेजिएट लॅक्रॉस लीग’. कागद गुळगुळीत, अक्षरं निळी, कोपऱ्यात तुझ्या कंपनीचं चिन्ह. मी चष्मा बदलून वाचलं. कलम पहिलं : एक कॉलेज, एक संघ. वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांनी मिळून केलेल्या संघाला प्रवेश नाही. आणि खाली लीगची प्रमुख म्हणून तुझं नाव. नम्रता नावाच्या मुली जगात पुष्कळ असतील असं मी मनाला समजावलं. मग आडनाव वाचलं.

बेंगळुरूच्या हवेत विस्मरण होत असावं, म्हणून आठवण करून देतो. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी तू माझ्या दारात उभी होतीस. यवतमाळहून वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेली, हातात कुण्या अमेरिकन पाहुण्याने दिलेल्या दोन काठ्या. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू. तुला खेळायला मैदान हवं होतं. आमच्या शाळेच्या संस्थेने अट घातली होती की निवृत्त शिक्षकांपैकी कोणी जबाबदारी घेतली तरच रविवारी फाटक उघडेल. रखवालदाराने माझा पत्ता दिला. मी म्हटलं, “बाळे, मी मराठी शिकवलं. मला खोखोसुद्धा नीट कळत नाही.” तू म्हणालीस, “काऊन सर, कळायला कशाला पाहिजे? तुम्ही फक्त खुर्चीवर बसा.”

मी खुर्चीवर बसलो. मंदाकिनीने विचारलं, “कसले अध्यक्ष झालात?” मला उच्चार येईना. म्हणून मीच ‘जाळीकाठी’ हे नाव ठेवलं. तुम्ही सगळे लाजलात आणि मग तेच नाव सदऱ्यांवर छापून घेतलंत.

मंडळ का झालं? कुठल्याही एका कॉलेजात संघापुरती मुलं नव्हती म्हणून. तुझ्या कॉलेजातली चार, पॉलिटेक्निकची काही, फार्मसीची सृष्टी, पुढे येरवड्याकडच्या आर्ट्स कॉलेजातून एकटी चैताली. तेव्हा तूच म्हणायचीस, “सर, कॉलेज विचारायचंच नाही. काठी आहे की नाही, एवढंच विचारायचं.” काठ्या तरी कुठे होत्या? बुरुड आळीतून वेत आणून, नायलॉनच्या दोऱ्या विणून तुम्ही पोरांनी बनवल्यात. प्रशिक्षक नाही, पट्टीवाला सर नाही. काही ठरवायचं असलं की मैदानात गोल करून मत घ्यायचं. ज्याला मान्य, त्याने काठी वर करायची. हात नाही, काठी. हेही तुझंच.

आणि खंडेनवमी. तूच म्हणालीस, आमच्या यवतमाळला नवमीला नांगर, कोयते, मोटार, शिलाईयंत्र सगळं पुजतात, मग आपल्या काठ्यांनी काय पाप केलंय? तेव्हापासून दरवर्षी सगळ्या काठ्या आमच्या व्हरांड्यात. नवमीला ठेवायच्या, दसऱ्याला उचलायच्या, मधे कोणी हात लावायचा नाही. आणि मंडळ सोडून जाणाऱ्याने आपली काठी नव्याने विणून नव्याच्या हाती द्यायची. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पहिल्या सामन्याला गोलमागे उभं राहायचं.

दोन वर्षांपूर्वी तू तुझी काठी चैतालीला दिलीस. ती बिचकली होती. “ताई, आमच्या घरी पूजा नसते. मी नुसती ठेवली तर चालेल?” तू म्हणालीस, “नुसतीच ठेव. ठेवणं महत्त्वाचं.” तेव्हापासून मंदाकिनी सगळ्या काठ्यांवर झेंडू ठेवते आणि चैतालीच्या काठीखालची फरशी फक्त स्वच्छ पुसून देते. पण तिच्या पहिल्या सामन्याला गोलमागची जागा रिकामी राहिली, कारण तुझं विमान सकाळचं होतं. तेव्हा मी काही बोललो नाही. नोकरी होती, जाणं भाग होतं.

आता बोलतो. चैतालीच्या कॉलेजात हा खेळ खेळणारी ती एकटी आहे. तुझ्या पहिल्या कलमाप्रमाणे तिला संघ नाही. ज्या मुलीच्या हातात तू काठी दिलीस, तिला तूच मैदानाबाहेर काढलंस. दसऱ्याच्या सुमाराला तुमची लीग सुरू होते म्हणे. त्याआधी ते कलम काढ. मंडळाला मंडळ म्हणून खेळू दे. दुसरं काही मागत नाही.

“पत्र लिहिताय की दावा ठोकताय?” मंदाकिनी विचारते आहे. तिला म्हटलं, अजून ठरायचंय.

उत्तरेश्वर सर
अजून तरी अध्यक्ष, जाळीकाठी मंडळ


विश्रांतवाडी
२० जुलै २००८

चि. नम्रता हीस,

आशीर्वाद अजून नाहीत.

तुझी ई-मेल तेजसने छापून आणली. नातवाने आजोबांना इंग्रजी वाचून दाखवावं, हेही बघायचं राहिलं होतं. ओळीओळीत ‘ग्रोथ’. तुझं म्हणणं असं की खेळ वाढायचा तर रचना हवी, कॉलेजांची जबाबदारी हवी, भावनेवर लीग चालत नाही.

वाढला नव्हता का गं? मंडळातून गेलेल्या मुलांनी विमाननगरात सुरू केला, कोथरूडला केला, एकाने थेट नांदेडला नेला. कोणी पत्रकं वाटली नव्हती. एका पोराने दुसऱ्याला काठी विणून दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. वेल अशीच वाढते. तिला कुंडीत लावून वर ‘कुंडी क्रमांक एक’ अशी पाटी ठोकली की तुम्ही तिला वाढ म्हणता.

बरं, मी घरात बसून रागावलो नाही. मी आणि चैताली तुमच्या माणसाला भेटायला गेलो. सुदर्शन नावाचा तरुण आहे. वाघोलीच्या त्या कॉलेजात कंपनीने एक थंडगार खोली घेतलीय, तिथे तो बसतो. बाहेर आषाढातला चिकचिकाट, आत मला स्वेटर हवा होता.

“अंकल, टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला.

“मी तुमच्या कुठल्या आत्याचा नवरा?” मी विचारलं.

हसला बिचारा. मनाने वाईट नाही. म्हणाला, “बरं, सर. आमचं एकदम सिंपल आहे. आम्ही ज्या कॅम्पसला रिक्रूटमेंटला जातो, तिथे लीग नेतो. मुलांना कंपनी कळते, कंपनीला मुलं कळतात. आर्ट्सला आम्ही जातच नाही.”

चैताली म्हणाली, “म्हणजे मला नोकरी द्यायची नाहीये, म्हणून मी खेळायचंही नाही?”

“असं नाही गं. तू व्हॉलंटियर हो ना! पाणी, स्कोअर, रजिस्ट्रेशन. टी-शर्ट पण मिळेल.”

“टी-शर्ट आहे माझ्याकडे.” तिच्या अंगावर मंडळाचाच होता, धुऊन धुऊन ‘जाळी’ पुसट झालेली, ‘काठी’ तेवढी शिल्लक.

बाहेर येऊन ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “सर, चहा घेऊ. त्या खोलीत गारठलेय.” तिचे वडील सुखदेव देहूरोडला फॅक्टरीत आहेत, पोरीच्या सामन्यासाठी पाळी बदलून घेतात. त्यांना तिने अजून काही सांगितलेलं नाही. “पप्पा विचारतात, यंदा सामने कधी. मी म्हणते, ठरतंय.” हे वाक्य तू तुझ्या गुळगुळीत कागदावर छाप.

तू हे मला आधी सांगितलं नाहीस, की लीग म्हणजे नोकरभरतीची जत्रा आहे. ई-मेलमध्ये ‘ग्रोथ’ होतं, हे नव्हतं.

अजून एक. तुमच्या प्रशिक्षकाने मुलांना आमची ओळ म्हणायला बंदी केलीय! चेंडू जाळीतून पडू नये म्हणून पळताना काठी सतत झुलवावी लागते. तुम्हाला ते जमत नव्हतं, कोणी हिसके द्यायचं, कोणी दळण दळल्यासारखं फिरवायचं. तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या मला दिसलं की हा झोका म्हणजे सरळ भुजंगप्रयात आहे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. शाळेत पोरं ज्या वृत्ताला जांभया द्यायची, ते तुमच्या मनगटात उतरलं. मी दोन ओळी करून दिल्या :

नको घाइ बाळे, नको चेंडु सांडू
जरा थांब येथे, पुन्हा जाळि बांधू

मंदाकिनी तेव्हा म्हणाली होती, “यमक जुळलं नाही.” मी म्हटलं, चेंडू तर राहतोय ना जाळीत? कवितेने आयुष्यात कधी एवढं प्रत्यक्ष काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर गण पाडून दाखवले, पण वृत्त धावताना पाहिलं ते त्या मैदानात. आता तुमचा प्रशिक्षक म्हणतो, “नो पोएम. वन-टू, वन-टू.” कवायत आहे का ती?

काही मुलं मंडळ सोडून कॉलेजच्या संघांत गेली. जाऊ देत. मी कोणाला अडवलं नाही.

कलम काढ.

उत्तरेश्वर सर


विश्रांतवाडी
२१ सप्टेंबर २००८

चि. नम्रता,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीही मायना आखडता घेतलाय.

मागच्या पत्रात ‘काही मुलं गेली’ असं लिहिलं होतं. त्यातलं एक आमच्याच घरातलं होतं, हे लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहिलं नाही.

तेजसने मला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. मान खाली.

“आजोबा, कॉलेजने सांगितलंय. संघात नाही म्हटलं तर कॅम्पसला नाव पाठवणार नाहीत.”

“आणि मंडळ?”

“रविवारी येतो ना.”

“लीगचा सराव आणि सामने कधी?”

तो भाताशी चाळा करत राहिला. “रविवारी.”

तेव्हापासून मी त्याच्याशी थेट बोलत नाही. मंदाकिनीमार्फत बोलतो. “तेजसला सांग, गच्चीचं दार वाजतंय.” तेजस समोरच बसलेला असतो. मंदाकिनी म्हणते, “मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?” पण सांगते.

तो चुकला असं मला म्हणताही येत नाही, हाच सगळ्यात मोठा संताप आहे. बाप नाशकात कर्जाच्या घरात, पोरगं शेवटच्या वर्षाला, टीव्हीवर रोज बाजार कोसळल्याच्या बातम्या. नोकरीला नाही म्हण, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही त्याला असा पेच घातलात की खेळ आणि भाकरी एकाच ताटात वाढली. आमच्या वेळी खेळ म्हणजे भाकरीनंतरचा वेळ होता. तो तरी आपला होता.

आज रविवार. मैदानावर गेलो. रखवालदाराने माझी खुर्ची नेहमीच्या जागी, कडुनिंबाखाली ठेवली होती. आली चैताली आणि दोन नवी मुलं, आणि त्या दोघांनाही जायचं होतं कुठेतरी. मग चैताली एकटीच शाळेच्या भिंतीवर चेंडू मारत राहिली. मार, झेल, झुलव. मार, झेल, झुलव. मी म्हटलं, “पुरे आता.” ती म्हणाली, “काठी सैल पडते सर, न खेळता ठेवली की.”

तेजसकडून कळलं (म्हणजे मंदाकिनीकडून) की तुमचं उद्घाटन आठ ऑक्टोबरला आहे. अमेरिकेचा साहेब त्याच दिवशी पुण्यात असतो. नव्या काठ्या आणि शिरस्त्राणं परदेशातून येणार आहेत. छान. आठ ऑक्टोबर म्हणजे काय, हे कोणी पंचांगात पाहिलंय का? मी सांगणार नाही. तुला ठाऊक असायला हवं.

कलम अजून आहे. मीही आहे.

उत्तरेश्वर


विश्रांतवाडी
११ ऑक्टोबर २००८

चि. नम्रता हीस,

नवमीला दुपारी तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी झोपलो नव्हतो. मंदाकिनीने तुला तसं सांगितलं, कारण मीच सांगायला लावलं होतं. मी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला, पायात चपला घालून बसलो होतो. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. सगळं ऐकलं. तू बेंगळुरूला परत गेलीस, आणि माझ्या मनात ते अजून चालूच आहे, म्हणून लिहितो.

नवमीच्या सकाळी चैताली लवकर आली. तिने व्हरांडा झाडला, फरशी पुसली, आपली काठी कोपऱ्यात ठेवली. मी समजलो होतो की यंदा त्या कोपऱ्यापुरतीच खंडेनवमी. मंदाकिनीने झेंडूही थोडेच आणले होते. तेवढ्यात जिना उतरून तेजस आला. माझ्याकडे न बघता त्याने आपली काठी चैतालीच्या काठीशेजारी ठेवली. मग फाटक वाजलं. सृष्टी. मग पॉलिटेक्निकची मुलं. मग विमाननगरची. मंडळ सोडून गेलेली सगळी एकेक करून येत होती, चपला काढत होती, काठी ठेवत होती. मी सृष्टीला विचारलं, “तुम्ही तर गेलात ना?” ती म्हणाली, “कॉलेजच्या संघात गेलो, सर. काठी कुठे गेली?”

मंदाकिनी पुन्हा झेंडू आणायला गेली. मी आत गेलो, कारण माझा चष्मा धूसर झाला होता. त्याची काच जुनी आहे.

दुपारी सुदर्शनचा फोन पोरांना आला. परदेशी काठ्या आल्याच नाहीत. कंपनीने तिकडची खरेदी थांबवलीय, बाजार पडलाय. ‘आपापल्या जुन्या काठ्या घेऊन चारला मैदानावर या.’ पोरं एकमेकांकडे बघत राहिली आणि पायऱ्यांवर बसली. कोणी उठेना. मग तासाभराने तुमची गाडी आली.

“ये,” मंदाकिनी म्हणाली. “किती वाळलीस गं. बूट बाहेर.”

“काकू, सर?”

“झोपलेत.”

सुदर्शन म्हणत होता, “मॅडम, डिकी उघडलीय. टाका पटापट. चारला गेस्ट येतोय.”

तेजसचा आवाज आला, “आज उचलत नाहीत.”

“म्हणजे?”

“खंडेनवमी आहे.”

“अरे, देवाला सॉरी म्हणा ना! मी नारळ फोडतो. चला.”

“देवाचं मला विचारू नका,” हा चैतालीचा आवाज. “आमच्या घरी पूजा नसते. ही ठेवायची रीत मंडळाची आहे. ज्यांनी घातली त्या इथेच उभ्या आहेत.”

तेवढ्यात समोरच्या सोसायटीत कोणीतरी स्कूटरला हार घालून भोंगा वाजवला. तू काय बोलतेस ते ऐकायला मी पलंगावरून उठलो.

“मला आठवलंच नाही गं,” तू म्हणालीस. “ऑफिसला आयुधपूजेची सुट्टी होती, म्हणून मला यायला जमलं. दोन्ही एकच, हे डोक्यातच आलं नाही.”

“तुमच्या ऑफिसात आज कॉम्प्युटर चालू आहेत, ताई?”

“नाही. हार घातलेत.”

“उद्यापर्यंत?”

“उद्यापर्यंत.”

मला आतल्या आत हसू फुटत होतं आणि संतापही येत होता. ज्या सुट्टीमुळे तुला सवड मिळाली, ती सुट्टी कशाची हे विसरून तू काठ्या उचलायला आलीस! तुमच्या कोट्यवधींच्या यंत्रांना एक दिवस विसावा, आणि आमच्या वेताच्या काठ्यांना तेवढा नाही?

मग तू अंगातली हुशारी दाखवलीस. “हे बघा, रीत मंडळाने घातली, तर मंडळ एक दिवस मोडूही शकतं. मत घ्या.”

“घेऊ ना,” चैताली म्हणाली. “मंडळात मत कसं देतात?”

तू हळूच म्हणालीस, “काठी वर करून.”

“मग करा कोणीतरी वर.”

पहिली हसली ती मंदाकिनी. तिच्यामागून पोरं. आणि मग तुझं ते नाकातून येणारं हसू, जे मी दोन वर्षं ऐकलं नव्हतं. सुदर्शन विचारत होता, “व्हॉट इज सो फनी?” त्याला कोण सांगणार? काठी उचलायची की नाही यावर मत घ्यायचं, तर आधी काठी उचलायला हवी. असला पेच फक्त आमच्याच मंडळात पडू शकतो. नियम करताना आपण जत्रेतल्या पोरांसारखे होतो, पुढचं कोणी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता चैताली थांबेल. पण ती म्हणाली, “उद्या दसऱ्याला उचलू. सकाळी मी विहारात जाते, आमचा मोठा दिवस असतो. चारला खेळू. पण ताई, या काठ्या मंडळाच्या आहेत. ज्या सामन्यात मंडळ नाही, त्यात त्या जाणार नाहीत.”

“उद्या गेस्ट नसेल,” सुदर्शन म्हणाला. “कॅमेरा नसेल. टर्फ पण आजचंच बुक आहे!”

“बरोबर बोलतेय ती,” तेजस म्हणाला. “मी मंडळाकडून खेळणार.”

“तुझं कॅम्पसचं काय मग?”

“बघू.”

ते ‘बघू’ मी दाराआड ऐकलं. त्या संध्याकाळपासून मी त्याच्याशी थेट बोलतो. मंदाकिनी म्हणाली, “चला, एक्स्चेंज बंद झालं.”

दसऱ्याच्या दिवशी चार वाजता तू मैदानावर आलीस. साहेब नव्हता, कॅमेरा नव्हता, सुदर्शन मात्र आला होता आणि त्यानेच चुन्याच्या रेघा मारल्या, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. सुखदेव पाळी बदलून आले होते, पांढरा सदरा घालून, चैतालीच्या आई हिराबाईंना घेऊन. मंडळ एका बाजूला, लीगचे उरलेले संघ मिळून दुसऱ्या बाजूला. आणि तू गोलमागे उभी. दोन वर्षं उशिरा.

चैतालीच्या काठीची दोरी खेळाच्या ऐन रंगात तुटली. ती रेघेबाहेर आली. तू तिच्या हातातून काठी घेतलीस, मातीत मांडी घातलीस आणि तुझ्या त्या कंपनीतल्या स्वच्छ बोटांनी जाळी विणायला लागलीस. मी खुर्चीवरून पाहत होतो. तुझे ओठ हलत होते. माझे कान म्हातारे असतील, पण लगागा कोणाच्याही ओठांवर ओळखतात. जरा थांब येथे, पुन्हा जाळि बांधू. तुमच्या प्रशिक्षकाने पाहिलं असतं तर दंड केला असता.

मंडळ एका गोलने हरलं. चैतालीने मारलेला गोल सुखदेवांना दिसला नाही, कारण ते नेमके पाणी प्यायला गेले होते. आता ती रोज त्यांना करून दाखवते आहे म्हणे, पोळपाट-लाटण्यासकट.

संध्याकाळी तू सोनं द्यायला आलीस. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवलीस, वाकलीस. मी पानं घेतली. आशीर्वाद दिला नाही. “हं” म्हणालो. दसऱ्याला वाकलेल्या मुलीला म्हाताऱ्याने नुसतं “हं” म्हणावं, हे मंदाकिनीला अजून पचलेलं नाही. तिने माझ्या चहात दोन दिवस साखर घातलेली नाही.

पण मी काय करू? एक सामना झाला. कलम पहिलं जसंच्या तसं आहे. तू गाडीत बसताना म्हणालीस, “बघते, सर.” तेजसचं ‘बघू’ आणि तुझं ‘बघते’ यांत फरक आहे. त्याने आधी केलं आणि मग म्हटलं.

चैताली त्या मैदानावर पाहुणी म्हणून खेळावी, हे मला मान्य नाही. एखाद्या दिवसाची मेहेरबानी नको. कलम काढ, मग वाक.

उत्तरेश्वर सर


विश्रांतवाडी
१४ डिसेंबर २००८

चि. सौभाग्यकांक्षिणी नम्रता हीस,

मायना पुन्हा लांबलाय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

लीगचा नवा कागद काल चैतालीने आणला. गुळगुळीत नाही, साधा झेरॉक्स. कंपनीचं चिन्ह गेलंय, कारण कंपनीच गेलीय. बाजार सुधारेपर्यंत असले खर्च बंद, असं सुदर्शनने सांगितलं. त्याचीही जागा गेली. तो रविवारी चुन्याच्या रेघा मारायला येतो आणि मला ‘सर’ म्हणतो.

कलम पहिलं : संघाला कॉलेज विचारू नये. काठी असेल तो खेळेल.

खाली सह्या चैतालीची, तेजसची, सृष्टीची, विमाननगर आणि कोथरूडच्या मुलांची. सगळ्यांत शेवटी, पद न लिहिता, तुझी.

आता राग. पहिला, सहा संघांच्या यादीत मंडळाचं नाव सगळ्यांत खाली का? ज्याच्यामुळे बाकीचे झाले, तो शेवटी? दुसरा, सामने रविवारी सकाळी सातला ठेवलेत. मंदाकिनी थर्मास भरेपर्यंत आठ वाजतात, हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. तिसरा, तेजस म्हणतो, “ताई बेंचवर आहे.” मी हादरलो, एवढ्या मोठ्या मुलीला बाकावर उभं केलं? त्याने समजावलं की तुमच्या धंद्यात काम नसलेल्या माणसाला तसं म्हणतात. कंपनीने लीग सोडली आणि तू सोडली नाहीस, म्हणून तुला काम नाही, असंही तो म्हणाला. तू मला हे लिहिलं नव्हतंस. लपवाछपवी तू माझ्याकडूनच शिकली असशील, तर तो भाग विसर.

काम मिळेल. हुशार माणसांना बाकावर फार काळ ठेवत नाहीत; मी शिक्षक होतो, मला माहीत आहे.

लीगचा पहिला सामना चार जानेवारीला आहे. मंडळाकडून चैताली कर्णधार. सुखदेवांनी पाळी आधीच बदलून घेतलीय, आणि या वेळी पाण्याची बाटली जवळ ठेवणार आहेत. चैतालीचा निरोप असा : “ताईला सांगा, गोलमागे जागा ठेवलीय.” मी तिला म्हटलं, एकदा उभी राहिली होती की दसऱ्याला. ती म्हणाली, “तो सामना धरत नाही, सर. तेव्हा आम्ही पाहुणे होतो.”

ये. स्वारगेटला पहाटे उतरलीस तर तेजस घ्यायला येईल. तो आता माझं ऐकतो. म्हणजे ऐकून घेतो.

अनेक उत्तम आशीर्वाद. जूनपासूनचे सगळे यातच आहेत. दसऱ्याचा तेवढा वेगळा ठेवलाय, तो वाकल्यावर.

तुझा,
उत्तरेश्वर सर